झाडं झोपवायचं काम: कॅल्गरीतल्या परसाच्या नोंदी

30 ऑगस्ट

दर वर्षी हिवाळ्याची तयारी ऐनवेळी होते, निम्मी विसरते आणि एप्रिलमध्ये त्याची फळं दिसतात. म्हणून यंदा वही घातली.

परस 40 बाय 30 फुटांचं. माती चिकण, त्यात चुनखडीची. एक नॉरलँड सफरचंद, एक इव्हान्स चेरी, दोन लायलॅक, दोन मॉर्डन गुलाब, पश्चिमेच्या कुंपणाशी सीडरची तीन झाडं (आता दोन), भाजीचे चार वाफे. कुंड्यांमध्ये कढीपत्ता, तुळस, मोगरा, अळू.

गेल्या हिवाळ्याचा जमाखर्च: एक सीडर मार्चमध्ये तपकिरी पडलं, ते गेलंच. सफरचंदाच्या खोडाला नैऋत्येच्या अंगाने वीतभर उभी चीर. चेरीची साल दोन फुटांच्या वर हातभर कुरतडलेली. लसणाच्या 48 पाकळ्या लावल्या, 27 उगवल्या. आणि तळघरात पाणी. ते पुढे, नळाची पाळी येईल तेव्हा लिहीन.

मी या सगळ्याचं खापर थंडीवर फोडलं होतं. उणे 30 म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले, पन्नास वर्षं याच गल्लीत बाग करतात. त्यांनी कुंपणावरून बघितलं आणि म्हणाले, "उणे तीसने या झाडांना काही होत नाही. जानेवारीत अधिक दहा होतं, त्याने होतं." त्या वेळी मला ते म्हातारपणीचं तिरकस बोलणं वाटलं. उन्हाळाभर वाचल्यावर, विचारल्यावर आणि मेलेल्या सीडरची मुळं उकरून बघितल्यावर पटलं. मुळांच्या भोवतीची माती भुकटीसारखी कोरडी होती.

तेव्हा यंदाचं धोरण एका ओळीत: बागेला ऊब द्यायची नाही, तिला एकसारखं गार आणि ओलं ठेवायचं.

2 सप्टेंबर

खत जुलैच्या मध्यापासून बंद आहे. आता पाणीही तोडलं. झाडांना ताण द्यायचा, म्हणजे नवी फूट येणार नाही आणि असलेली काडी पक्व होईल. कोवळी फूट हिवाळ्यात पहिल्या झटक्याला जाते.

हे वडिलांना, आप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसले. निफाड तालुक्यात चाळीस वर्षं द्राक्षं केलेल्या माणसाला मी ताण म्हणजे काय ते सांगत होते! "काडी पिकली का ते बघ आधी," म्हणाले. "हिरवी दिसते की तांबूस?" सफरचंदाची काडी शेंड्याला अजून हिरवी आहे. म्हटलं, वेळ आहे. म्हणाले, "तुमच्याकडे कसला वेळ? तुमचा तर आठ महिने हिवाळाच."

आठ नाही, पण फार चुकीचंही नाही. इथे मेच्या शेवटच्या आठवड्याआधी टोमॅटोचं रोप बाहेर लावायला कोणी धजत नाही, आणि सप्टेंबरच्या मध्याला पहिलं दव गोठतं. भाजीचं सगळं आयुष्य त्या चार महिन्यांत.

9 सप्टेंबर

आज रात्री 1 अंश सांगितलंय. टोमॅटो, मिरची आणि झेंडूवर जुन्या साड्या घातल्या. नाशिककडे डाळिंबाच्या बागा उन्हापासून वाचवायला साड्यांनी झाकतात, रस्त्याने जाताना अख्खा माळ रंगीबेरंगी दिसतो. इथे तोच उपाय उलट कामाला: दिवसभर मातीने घेतलेली ऊब रात्री वर निसटू नये म्हणून. कापड चालतं. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकलेली जागा हमखास करपते.

शेजारी मागच्या गल्लीतून कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी थांबून फोटो काढला. आईची पैठणी नव्हे हो, नायलॉनच्या आहेत.

सप्टेंबरला इथे हलकं घेत नाहीत, त्याला कारण आहे. 2014 च्या सप्टेंबरात दुसऱ्याच आठवड्यात जड, ओला बर्फ पडला. झाडांवर हिरवी पानं तशीच होती, त्यावर बर्फ साचला आणि शहरभर फांद्या मोडल्या. आजोबांच्या अंगणातला पॉप्लर तेव्हाच दुभंगला. त्याचा ओंडका अजून आहे, त्यावर बसून आजोबा चहा पितात.

14 सप्टेंबर

कुंड्या आत. रात्रीचा पारा 10 च्या खाली राहू लागला की कढीपत्ता रुसतो, म्हणून खरं तर आठवड्यापूर्वी व्हायला हवं होतं.

घरात घेण्याआधीची आंघोळ महत्त्वाची. दोन वर्षांपूर्वी मोगरा तसाच आत घेतला आणि डिसेंबरपर्यंत घरभर कोळीकीड झाली, पानांखाली बारीक जाळी. यंदा प्रत्येक कुंडी आडवी करून पाण्याची धार पानांच्या मागून, मग साबणपाणी, मग तीन दिवस गॅरेजमध्ये वेगळी. कढीपत्त्यावर मावा सापडला, पाच-सहाच, पण सापडला. बोटांनी चिरडला.

तुळशीला दक्षिणेची खिडकी पुरत नाही. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम आठ तासांचा. तिच्यावर दिवा लावला, टायमरवर 14 तास.

24 सप्टेंबर

उणे 3. साड्यांखालचे टोमॅटो वाचले, झेंडू वाचला, अळू नाही. कुंडी जड म्हणून बाहेरच राहिली होती. काल संध्याकाळी हत्तीच्या कानाएवढी पानं, आज सकाळी काळी ओली फडकी.

कापून टाकलं आणि कंद काढले. मोठा गड्डा एक, पिल्लं सात. दोन दिवस सावलीत सुकवून लाकडाच्या भुशात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळघराच्या गार कोपऱ्यात ठेवायचे. गड्ड्याला माती राहिली तरी चालते, जखम नको. मागे एकदा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते, फेब्रुवारीत वासाने सापडले.

शेवटच्या चार चांगल्या पानांच्या वड्या आधीच्या रविवारी झाल्या, त्यामुळे दुःख अर्धंच.

2 ऑक्टोबर, दसरा

खुरपं, कुदळ, छाटणीची कात्री आणि बर्फाचं फावडं धुऊन पुसून पुजलं. फावड्याला हळदकुंकू वाहताना लेक म्हणाली, "आई, हे तर अजून वापरलंच नाही." म्हटलं, म्हणूनच. वाचवलेल्या झेंडूचं तोरण झालं. आपटा कुठला इथे! लायलॅकची पानं बदामाच्या आकाराची असतात, तीच सोनं म्हणून वाटली.

मुहूर्ताचं काम लसूण. म्युझिक जातीच्या 12 गड्ड्यांच्या 52 पाकळ्या निघाल्या. पाकळीचा बुडखा खाली, टोक वर, 7 सेंटिमीटर खोल, दोन पाकळ्यांत वीतभर अंतर. गेल्या वर्षी 4 सेंटिमीटरवरच लावला होता आणि जानेवारी-फेब्रुवारीत जमीन गोठ-वितळ करताना निम्म्या पाकळ्या उचलून वर आल्या, वाऱ्याने सुकल्या. फोटोत बघितलं तर ओळीत दात पडल्यासारख्या जागा.

लसूण दोन्हीकडे याच सुमाराला लागतो, ही मला मोठी गंमत वाटते. गावी ऑक्टोबरात लावला की होळीपर्यंत काढायला येतो. इथे ऑक्टोबरात लावायचा, त्याने बर्फाखाली फक्त मुळं धरायची, मेमध्ये वर यायचं आणि ऑगस्टात निघायचं. दहा महिने. पण त्या थंडीशिवाय गड्डा पाकळ्यांमध्ये फुटत नाही, नुसता कांद्यासारखा एकसंध राहतो. म्हणजे बागेत हिवाळा मनापासून हवा असलेलं निदान एक पीक आहे.

वाफ्यावर पाला आज टाकला नाही. हात शिवशिवतात, पण नाही.

5 ऑक्टोबर

आप्पांकडे छाटणी सुरू आहे. मीही कात्री घेऊन सफरचंदापाशी गेले होते. इथे ऑक्टोबरात छाटणी वर्ज्य. कापलं की झाडाला जाग येते, डोळा हलतो आणि पुढच्या आठवड्यात मारला जातो. वठलेल्या आणि मोडलेल्या फांद्या तेवढ्या काढल्या. बाकीचं मार्चअखेर.

निफाडला छाटणी झाली की डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. लहानपणी मजुरांच्या पिवळ्या-निळ्या हातमोज्यांची रांग बघितलीय. द्राक्ष मूळचं थंड प्रदेशातलं, त्याला हिवाळ्याची झोप लागते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, मग वेल धड झोपत नाही आणि धड उठतही नाही, डोळे मागेपुढे फुटतात. ती पेस्ट म्हणजे सगळ्यांना एकदम हलवून उठवणं. आप्पांचा हंगाम वेल जागा करण्यापासून सुरू होतो आणि माझा, झोपलेल्याला कोणी उठवू नये यापासून. फोनवर एकमेकांना सल्ले देताना हे दोघंही विसरतो.

13 ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. टोमॅटो सगळे काढले, साडेसहा किलो हिरवे. दोन किलोंची चटणी: तव्यावर जाड फोडी करपेपर्यंत परतायच्या, तीळ, शेंगदाणे, लसूण, मिरची, गूळ थोडा जास्त. उरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमध्ये, पिकतील तसे.

एक वाटी आजोबांना दिली. त्यांनी बदल्यात गाजरं दिली आणि माझी उपटू नकोस म्हणाले. गाजराला थंडी लागली की ते स्वतःतल्या पिठाची साखर करतं, गोठणं टाळायला. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं ना, तेच. त्यामुळे गाजराचा वाफा तसाच, वर पाल्याने भरलेल्या पिशव्या आडव्या टाकून. हवी तेव्हा पिशवी सारायची आणि उपटायची. डिसेंबरपर्यंत हलव्याची सोय.

झेंडूची रोपं आणि मटार, काकडीचे वेल उपटले. बारमाही फुलझाडं मात्र कापली नाहीत. वाळक्या काड्या उभ्या असल्या की वाऱ्याने पळणारा बर्फ त्यांत अडकून तिथेच बसतो. गल्लीतल्या बाकीच्या बागा दाढी केल्यासारख्या स्वच्छ आहेत, माझी विस्कटलेली. नवरा दोनदा म्हणाला, "हे असंच ठेवायचंय का?" असंच.

18 ऑक्टोबर

नळ.

आमचा बाहेरचा नळ गोठणार नाही अशा जातीचा आहे. त्याची लांब दांडी भिंतीतून आत जाते आणि पाणी घराच्या उबेत बंद होतं, बाहेरच्या नळीत थेंब राहत नाही. ही त्याची करामत, पण एका अटीवर: नळाला पाइप जोडलेला नसावा. जोडलेला राहिला तर त्या नळीतलं पाणी निघून जात नाही, तिथेच अडकून गोठतं आणि नळी आतल्या आत फाडतं. फाटलेली कळत मात्र नाही, कारण हिवाळाभर नळ बंदच असतो. गेल्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा तोटी फिरवली, बाहेर बारीक धार आली, म्हटलं दाब कमी दिसतोय, आणखी फिरवली. वीस मिनिटांनी तळघरातून लेकीची हाक आली. तिचे बुटांचे खोके तरंगत होते. पाइप मीच ऑक्टोबरात लावून ठेवला होता, शेवटचं एकदा पाणी घालू म्हणून.

दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून यंदा पाटीच लावली: "पाइप काढला का?" तळघरातली आतली चावी कुठे आहे तेही शोधून तिला लाल दोरा बांधला. शेवटचं मोठं पाणी अजून बाकी आहे, त्यामुळे काम झालं की पाइप रोज काढायचा, अशी शिस्त.

पावसाच्या पिंपातलं पाणी सीडरला घातलं आणि पिंप उपडं केलं. हे पिंप 2024 च्या जूनमधलं. तेव्हा शहराची मुख्य जलवाहिनी फुटली आणि बाहेर पाणी घालायला बंदी आली. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात पिंपं घेतली. निफाडची मुलगी असून मला पाणी साठवायचं कॅल्गरीत सुचावं, यावर आप्पा अजून बोलतात.

21 ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. बागेत काम नाही. पायरीवर पणत्या लावल्या, वाऱ्याने एकही टिकली नाही.

26 ऑक्टोबर

यंदाच्या कामातलं सर्वांत मोठं काम, आणि करताना सर्वांत वेड्यासारखं दिसणारं. टोपी, हातमोजे, नाक लाल, आणि मी झाडांना पाणी घालतेय.

सफरचंद आणि चेरीची पानं गळली, आता ताण सोडायचा. जमीन गोठण्याआधी मुळांपर्यंत ओल गेली पाहिजे. प्रत्येक झाडाभोवती फांद्यांच्या घेराएवढं आळं केलं आणि पाइप अगदी बारीक धारेवर ठेवून दिला, झाडामागे दोन तास. वरवर शिंपडण्यात अर्थ नाही. संध्याकाळी टोकदार सळई खुपसून बघितली, गुडघाभर सहज गेली. सीडरला सर्वांत जास्त, कारण ते पानं टाकत नाही. हिवाळाभर त्याच्या पानांतून पाणी उडत राहतं आणि खालची गोठलेली जमीन त्याला थेंबही देत नाही. म्हणजे आत्ता जे पिईल तेवढ्यावर त्याने एप्रिल गाठायचा. गेलेलं तिसरं सीडर थंडीने नाही, तहानेने मेलं.

आणि ती तहान कुठून येते हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मी सह्याद्रीच्या पलीकडे वाढले. इगतपुरीला पाऊस कोसळतो आणि तासाभराच्या अंतरावर निफाड कोरडं, ढगांनी घाटावरच ओझं उतरवलेलं असतं. इथे घाटाच्या जागी रॉकीज. पॅसिफिकवरून आलेला ओला वारा ब्रिटिश कोलंबियाच्या बाजूने चढताना पाऊस, बर्फ सांडून टाकतो, आणि कोरडा होऊन आमच्या अंगावर उतरतो. कोरडी हवा उतरताना दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी तापते. तोच शिनूक. भर जानेवारीत काही तासांत पारा वीस अंशांनी चढवतो, पश्चिमेला ढगांची कमान आणि तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी दिसते. माणसं कोट काढून फिरतात. बर्फ वितळतो, कधी तर वितळण्याआधीच हवेत उडून जातो, वाफे उघडे पडतात, झाडाच्या सालीला वाटतं मार्च आला. दोन दिवसांनी परत उणे 20.

आप्पांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "थंडी आली की पाणी देतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे." खरंच आहे. कडाक्याची थंडी पडली की निफाडला पहाटे विहिरीच्या मोटारी सुरू होतात, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते, कोरडी नाही. चाळीस वर्षं घरात चाललेली गोष्ट, आणि मी ती इंटरनेटवर वाचून शिकले.

31 ऑक्टोबर

आज खोडं. सफरचंदाला पांढरी गुंडाळी, जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत. हिवाळ्यात सूर्य खालून, नैऋत्येकडून खोडावर थेट पडतो. त्या बाजूची साल दुपारी तापून जागी होते, सूर्य मावळताच गोठते आणि फाटते. पांढरा रंग ऊन परतवतो.

चेरीला लोखंडी जाळी. सशाच्या दातांची खूण ओळखायला सोपी आहे: काडी तिरपी, सुरीने कापल्यासारखी साफ. जमिनीलगत बारीक खरवडल्यासारखं असेल तर ते उंदीर. त्यांचे बोगदे बर्फाखाली असतात आणि साल गोल फिरून खातात. पूर्ण वेढा झाला तर झाड गेलं. म्हणून जाळीची भोकं अर्ध्या सेंटिमीटरची, तळ दोन इंच मातीत पुरलेला. उंची गेल्या वर्षी चुकली होती. दोन फूट जाळी लावली, दोन फूट बर्फ साचला, ससा त्या बर्फावर उभा राहून निवांत जेवला. यंदा चार फूट.

जाळीला तार आवळत असताना तो स्वतःच आला. इथला रानससा आपल्या सशासारखा लहान नसतो, बसला तरी मांजरापेक्षा मोठा दिसतो. पांढरा होणं अर्ध्यावर आलंय: पाय आणि पोट पांढरं, पाठ अजून तपकिरी, कानांची टोकं काळी. बर्फ नाही आणि हा पांढरा, त्यामुळे वाळक्या गवतात बल्बसारखा उठून दिसत होता. त्याला मात्र खात्री होती की तो दिसत नाही. सहा फुटांवर दहा मिनिटं दगडासारखा बसून राहिला, फक्त नाकपुडी हलत होती. तार संपली म्हणून मी उठले, तेव्हा गेला.

2 नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. दिव्याखाली असल्यामुळे नवरी टवटवीत. अख्ख्या उसाऐवजी बाजारातून आणलेला कांडकं केलेला ऊस, चिंचा-आवळे गोठवलेल्या पाकिटातले. मंगलाष्टकं चालू असताना टायमरने दिवा घालवला, सगळे हसले.

आज घड्याळं एक तास मागे गेली. साडेपाचला अंधारून आलं.

4 नोव्हेंबर

सीडरला वारा अडवणारं कुंपण. बासमतीच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकींना दाभणाने शिवून, चार खुंट्यांवर पश्चिमेच्या अंगाने ताणल्या. झाडाला गुंडाळायचं नाही, त्याच्यापासून हातभर लांब पडदा उभा करायचा. वाऱ्याचा जोर मोडला की झालं. दोन गोण्यांवर ताजमहाल आहे आणि एकीवर वाघ. वाघ शेजाऱ्यांच्या बाजूला केला.

पाइप काढला, शेवटचा. गुंडाळून गॅरेजमध्ये. पाटीवर बरोबरची खूण. आतली चावी बंद करून बाहेरची तोटी उघडी ठेवली.

8 नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत रीडर रॉक गार्डनला चक्कर. मॅक्लिऑड ट्रेलच्या कडेला, कबरस्तानाच्या उतारावर. विल्यम रीडर 1913 ते 1942 शहराच्या उद्यानांचे अधीक्षक होते. कॅल्गरीत काही उगवत नाही असं लोक म्हणत, तर हा गृहस्थ जगभरातून बी मागवून आपल्या घराभोवतीच्या उतारावर लावून बघत बसला. या दिवसांत तिथे बघण्यासारखं काही नसतं असं नवऱ्याचं मत. मी दगड बघत होते. दगडाच्या उत्तर बाजूला कालपरवाचा बर्फ तसाच होता, दक्षिणेला कोरडं. एकाच दगडाच्या दोन बाजूंना दोन हिवाळे. घरी येऊन गुलाबाच्या वाफ्याच्या उत्तरेला दोन मोठे धोंडे होते ते उचलून दक्षिणेला टाकले. उपयोग होईल का ठाऊक नाही, कंबर मात्र धरली.

15 नोव्हेंबर

सलग सहा दिवस दिवसाही शून्याच्या खाली. लसणाच्या वाफ्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला, गेला नाही. जमीन गोठली, म्हणजे आता पाला.

हाच तो पाला जो गेल्या वर्षी मी 1 ऑक्टोबरला मायेने पांघरला होता. उबदार माती, वर जाड पांघरूण: उंदरांनी घर केलं, लसणाला वाटलं वसंत आला आणि त्याने डिसेंबरात कोंब काढले. आच्छादनाचं काम ऊब धरणं नव्हे. गोठलेलं गोठलेलंच ठेवणं, एप्रिलपर्यंत. आमच्याकडे गावी बर्फाच्या लादीवर भुसा टाकून गोणपाट घालायचे, उसाच्या रसाच्या गाड्यावर. हे तेच.

गल्लीतून गोळा केलेल्या पाल्याच्या 11 पिशव्या. गवत कापायच्या यंत्राने चिरडून घेतला, नाहीतर पानांचे थर ओले होऊन चामड्यासारखे बसतात. लसणावर वीतभर, गुलाबाच्या बुडाशी हातभर ढीग, झाडांच्या आळ्यात बोटभर आणि खोडापासून चार बोटं लांब. दोन तास लागले. लसणाच्या वाफ्यात पाल्याखाली एक थर्मामीटर ठेवला, तारेचा, आकडा बाहेर दिसतो.

23 नोव्हेंबर

18 सेंटिमीटर बर्फ. वाटेवरचा बर्फ आजवर आम्ही हिरवळीवर फेकायचो. आज फावड्याने उचलून लसूण, गुलाब आणि गाजरावर टाकला. पायवाटेला मीठ टाकलेला बर्फ मात्र नाही, तो गटाराकडे. दसऱ्याला पुजलेलं फावडं कामाला लागलं.

थर्मामीटर: हवा उणे 16, पाल्याखाली उणे 2.

12 डिसेंबर

शिनूक. सकाळी उणे 14 होतं, दुपारी तीनला अधिक 9. पश्चिमेला कमान. गटारं वाहू लागली, छपरावरून पाणी, आजोबा शर्टावर ओंडक्यावर बसलेले.

मी आधी थर्मामीटर बघितला. हवा अधिक 9, पाल्याखाली उणे 3. लसणाला काही कळलेलं नाही. सफरचंदाच्या खोडाला गुंडाळीवरून हात लावला, गार. गुंडाळी नसलेल्या लायलॅकचं खोड दक्षिणेकडून कोमट लागलं. ते पुढच्या वर्षीच्या यादीत. वाघाची गोणी वाऱ्याने एका खुंटीवरून सुटली होती, परत बांधली. चेरीच्या जाळीबाहेर सशाच्या लेंड्या, आत काही नाही.

संध्याकाळी सातला आप्पांचा फोन. त्यांच्याकडे सकाळचे साडेसात. मागे मोटारीचा आवाज येत होता.

"किती आहे तुमच्याकडे?"

"नऊ."

"उणे?"

"नाही, अधिक."

थोडा वेळ नुसती मोटार ऐकू आली. "इथे सहा आहे," म्हणाले. "पहाटे चारपासून पाणी चालू केलंय, मण्यांना तडे जातील म्हणून. शेकोटीपाशी बसलोय." मग म्हणाले, "तू काय करतेस?"

मी छपराच्या सावलीत उरलेला बर्फ फावड्याने लसणावर ओढत होते. तसं सांगितलं.

"ओढ," म्हणाले.